मुंबईची जुनी चित्रपटगृहे: केबिनमधील यंत्रे आणि पडद्यावरचा उजेड

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण मुंबई, गिरगाव, ग्रँट रोड आणि दादर या भागांतील जुन्या एकपडदा चित्रपटगृहांत कोणती प्रोजेक्शन यंत्रे होती, एकच चित्रपट एका थिएटरात लख्ख आणि दुसऱ्यात मळकट का दिसे, कार्बनचा उजेड खरोखर वेगळा होता की ते आठवणींचे कौतुक आहे, आणि ती सगळी यंत्रे आता गेली कोठे. मी सत्तरच्या दशकात ग्रँट रोड परिसरातील एका चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत, सहायक म्हणून लागलो, पुढे ऑपरेटरचा परवाना काढला आणि फिल्म बंद होईपर्यंत याच कामात राहिलो. माझे मत आधीच सांगून टाकतो. लोक ज्याला अमुक थिएटरचा ‘इफेक्ट’ म्हणत, त्यातला मोठा वाटा केबिनची जागा, दिव्याची ताकद आणि यंत्राची निगा या तीन गोष्टींचा असे. यंत्रावर कोणत्या कंपनीची पाटी आहे हे त्या मानाने गौण होते.

मुंबईत चलच्चित्र पहिल्यांदा दाखवले गेले ते ७ जुलै १८९६ रोजी, काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलात. ल्युमिए बंधूंचे ते यंत्र हाताने फिरवायचे होते आणि चित्रीकरण, छपाई व प्रक्षेपण ही तिन्ही कामे त्याच एका पेटीतून होत. पुढे गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये १९१३ साली फाळके यांचा पहिला चित्रपट लागला, त्याच गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट लागला, आणि केबिनच्या दृष्टीने खरा बदल या दुसऱ्या तारखेने झाला. मूकपट थोडा भरभर किंवा सावकाश चालवला तरी चालून जाई. आवाज आल्यावर मात्र सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, हा वेग कायमचा बांधला गेला. प्रोजेक्टरला एकसारख्या वेगाची मोटर आली, आवाज वाचणारे साउंड हेड आले, पडद्यामागे स्पीकर आले, आणि त्यांचा आवाज बाहेर यावा म्हणून पडद्याला बारीक भोके पडली.

मुंबईच्या जुन्या चित्रपटगृहांचे तेव्हापासून दोन गट पडतात आणि केबिनमध्ये काम करणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळत असे. पहिला गट नाटकांसाठी बांधलेल्या आणि नंतर सिनेमाकडे वळलेल्या वास्तूंचा. व्हिक्टोरिया टर्मिनससमोरचे कॅपिटॉल, चर्नी रोडचे रॉयल ऑपेरा हाउस आणि ग्रँट रोडजवळच्या पिला हाउसच्या रांगेतील काही थिएटरे या गटात येतात. दुसरा गट बोलपट डोळ्यांसमोर ठेवूनच उभारलेल्या इमारतींचा: चार्ल्स स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेले १९३३ चे रीगल, १९३८ साली सुरू झालेली इरॉस आणि मेट्रो, १९४९ चे लिबर्टी, १९५८ चे मराठा मंदिर. मेट्रो तर हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने स्वतःच्या चित्रपटांसाठी बांधले होते. दुसऱ्या गटात केबिन कोठे असावी, झोत कोणत्या कोनातून जावा आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचे डोके त्यात येणार नाही ना, याचा विचार नकाशावरच झालेला असे. पहिल्या गटात केबिन जिथे जागा उरली तिथे, बहुधा अगदी वरच्या मजल्यावर मागच्या भिंतीला चिकटवून बसवलेली असे.

या फरकाचा परिणाम थेट चित्रावर होई. प्रोजेक्टर जितका उंच, तितका तो खाली झुकवावा लागतो. झोत तिरका पडला की चित्राची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा रुंद होते, कारण ती भिंगापासून जास्त दूर असते. यावरचा रूढ उपाय असा, की गेटमधली (फिल्म जिथे उजेडापुढे धरली जाते तिथली) अपर्चर प्लेट, म्हणजे चौकटीला कडा देणारी पितळी किंवा पोलादी पट्टी, कानशीने थोडी थोडी घासायची आणि पडद्यावर कडा सरळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा लावून पाहायची. हे काम शांतपणे करणारा माणूस केबिनमध्ये असला तर प्रेक्षकाला काही कळत नसे. मात्र कडा सरळ झाल्या तरी आतले चित्र सरळ होत नाही. दृश्यातले खांब तिरकेच राहतात आणि उभी माणसे पायाकडे किंचित ताणलेली दिसतात. स्टॉलच्या पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना काही थिएटरांत नट ‘लांबुडके’ वाटत, त्याचे एक कारण हे होते.

भिंगाचे गणितही अंतरावर चालते. साध्या ३५ मिलिमीटर फिल्मची पडद्यावर जाणारी चौकट जेमतेम २१ मिलिमीटर रुंद असते. पडदा १२ मीटर रुंद आणि केबिनपासून ३६ मीटर दूर असेल, तर सुमारे ६३ मिलिमीटरचे भिंग लागते. त्याच पडद्यावर सिनेमास्कोप, म्हणजे फिल्मवर आडवे दाबून छापलेले रुंद चित्र, दाखवायचे तर चित्र दुपटीने आडवे उलगडणारे वेगळे भिंग पुढे जोडावे लागते आणि मूळ भिंगही बदलावे लागते. या उदाहरणात चौकट रुंदीला जवळजवळ ५७० पट मोठी होते. म्हणजे गेटमध्ये फिल्म केसाच्या जाडीइतकी, दशांश मिलिमीटरभर सरकली, तरी पडद्यावरचे चित्र साडेपाच-सहा सेंटिमीटर हलते. यंत्राची निगा मी इतकी महत्त्वाची का मानतो, ते या आकड्यावरून लक्षात यावे.

आता कार्बनच्या उजेडाविषयी. लॅम्प हाउस म्हणजे प्रोजेक्टरच्या मागची मोठी पत्र्याची पेटी. तिच्यात तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर बसवत, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह. डीसी प्रवाह सोडून त्यांची टोके क्षणभर एकमेकांना टेकवायची आणि लगेच थोडी दूर करायची. मधल्या फटीत आर्क, म्हणजे विजेची अखंड झगझगीत ज्वाळा, पेटे. विद्युतदाब फारसा नसे, पण प्रवाह ४० अँपिअरपासून मोठ्या पडद्यांसाठी १०० अँपिअरच्या आसपास जाई. त्यासाठी खाली किंवा शेजारच्या खोलीत एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर अथवा मोटर-जनरेटरचा संच घुमत असे. खरा उजेड आर्कच्या ज्वाळेपेक्षाही पॉझिटिव्ह कार्बनच्या टोकाला पडणाऱ्या खळग्यातून येतो. तिथले तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. मागचा अंतर्वक्र आरसा तो उजेड गोळा करून गेटवर एकवटतो.

कांड्या जळून आखूड होत जातात, म्हणून त्या सतत पुढे सरकवाव्या लागतात. चांगल्या लॅम्प हाउसमध्ये त्यासाठी छोटी मोटर असे, पण ती आपोआप सगळे सांभाळील अशा भरवशावर बसणारा ऑपरेटर मी पाहिला नाही. पेटीच्या बाजूला एक बारीक छिद्र किंवा भिंग असे. त्यातून आर्कची प्रतिमा शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर उलटी पडे: डावीकडे एक तेजस्वी टोक, उजवीकडे दुसरे. पट्टीवर पेन्सिलीने दोन उभ्या रेषा मारलेल्या असत आणि दोन्ही टोके त्या रेषांवर ठेवणे हे काम. पॉझिटिव्ह टोक रेषेच्या मागे गेले की पडद्यावर मध्यभाग उजळ आणि कोपरे तपकिरी दिसू लागत. फट जास्त वाढली की उजेड निळसर होऊन फडफडे आणि शेवटी विझे, मग खालून शिट्ट्या. सहायकाची पहिली कित्येक महिने एवढीच नोकरी असे: एक डोळा पट्टीवर, हात बाजूच्या मुठींवर.

आरशाची वेगळी कहाणी आहे. जळताना तांब्याच्या मुलाम्याचे वितळलेले कण उडत आणि आरशावर बसत. गरम काचेवर बसलेला प्रत्येक कण बारीक खड्डा करून जाई. खेळ संपल्यावर आरसा थंड होऊ द्यायचा आणि मग मऊ कापडाने पुसायचा, हा नियम; घाईने ओले फडके लावले तर आरसा तडकत असे. खड्डे पडत पडत आरसा मळकट झाला की तो बदलायला हवा, पण बदलायचा खर्च मालकाचा आणि उजेड कमी झाल्याची तक्रार प्रेक्षकाची, आणि या दोघांची गाठ सहसा पडत नसे. कांड्यांचे उरलेले तुकडेही फेकले जात नसत. ते जोडण्याची साधने मिळत आणि शेवटचा इंचही जाळून घेतला जाई. अशा जोडावर आर्क पोचला की उजेड एकदा उसळून खाली बसे. चित्रपटाच्या मध्येच क्षणभर चित्र मंद होऊन पुन्हा उजळल्याचे ज्यांना आठवते, त्यांनी बहुधा हेच पाहिलेले आहे.

कार्बनचा उजेड ‘उबदार, पिवळसर’ होता असे हल्ली सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. कमी तीव्रतेच्या जुन्या आर्कचा उजेड पिवळट असे हे बरोबर. मोठ्या चित्रपटगृहांत मात्र उच्च तीव्रतेचे कार्बन वापरत, ज्यांच्या गाभ्यात सिरियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंची संयुगे भरलेली असत आणि त्यांचा उजेड दिवसाच्या उजेडाच्या जवळ जाई. त्या उजेडात रंगीत प्रिंट, विशेषतः लाल आणि निळा, ज्या तजेल्याने उठून दिसे, त्याचे कौतुक मी आजही करीन. ज्यांनी लहान थिएटरात, कमी प्रवाहावर आणि खराब आरशावर चित्रपट पाहिले त्यांना पिवळेपणा आठवतो, आणि ज्यांनी मोठ्या थिएटरात पहिल्या आठवड्यात पाहिले त्यांना झगमगाट आठवतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. हवेतून जाणारा तो जाडजूड झोत मात्र कार्बनमुळे दिसत नव्हता. प्रेक्षागृहातला धूर आणि धूळ त्याला दृश्य करीत असे. सिगारेटी बंद झाल्यावर तोही विरळ झाला.

केबिन इतकी कोंदट आणि तुरुंगासारखी का असे, असेही विचारले आहे. त्याचे कारण नायट्रेट फिल्म. जवळजवळ १९५० पर्यंत चित्रपट सेल्युलोज नायट्रेटवर छापले जात. ती पेटली की बाहेरचा प्राणवायू न घेताही जळत राहते आणि पाण्याने विझत नाही. आर्कपुढे फिल्म काही सेकंद थबकली तरी पेट घेई. म्हणून केबिनच्या भिंती व दार अग्निरोधक, झोताची आणि डोकावण्याची भोके लहान, त्यांच्यावर आग लागताच पडणारी लोखंडी झडप, रिळे बंद धातूच्या पेट्यांत, दाराशी वाळूच्या बादल्या. प्रोजेक्टरवरही फिल्म ज्या डब्यांतून सुटते आणि ज्यात गुंडाळली जाते, त्यांच्या तोंडाशी आग रोखणारे रूळ असत, आणि वेग मंदावताच गेटपुढे आपोआप पडणारी झडप असे. नंतर न पेटणारी ॲसिटेट फिल्म आली, पण १९५३ च्या मुंबई चित्रपटगृह नियमन कायद्याखाली केबिनची रचना तशीच कडक राहिली. धूर आणि कार्बनची राख बाहेर नेण्यासाठी लॅम्प हाउसवर धुराडे असे. मे महिन्यात दुपारच्या खेळाला दोन आर्क पेटलेल्या त्या खोलीत बनियनवर काम करावे लागे, खाली प्रेक्षागृह वातानुकूलित असले तरी.

यंत्रांची नावे विचारली आहेत, म्हणून सांगतो. मुंबईच्या केबिनांत अमेरिकन सिम्प्लेक्स, आरसीए-फोटोफोन आणि वेस्टरेक्स, ब्रिटिश गॉमाँ-कॅली, डच फिलिप्स आणि इटालियन सिनेमेकानिका ही नावे कानावर पडत. एकाच केबिनमध्ये प्रोजेक्टर एका कंपनीचा, लॅम्प हाउस दुसऱ्या कंपनीचे आणि साउंड हेड तिसऱ्या कंपनीचे, अशी सरमिसळही नेहमीची होती. सुटे भाग परदेशातून मागवणे जिकिरीचे असल्याने शहरातले कसबी खरादवाले दातेरी चाके, रूळ आणि गेटच्या पट्ट्या बनवून देत. काही पट्ट्या मूळच्यापेक्षा टिकाऊ निघत, काही आठवड्याभरात फिल्मवर ओरखडे काढू लागत.

या सर्व यंत्रांचे हृदय एकच: माल्टीज क्रॉस. चित्र दिसावे म्हणून चौकट गेटमध्ये क्षणभर स्थिर उभी राहायला हवी आणि पुढची चौकट यावी म्हणून फिल्म झटक्याने खाली यायला हवी. सतत फिरणाऱ्या चकतीवरची एक खीळ चार खाचांच्या त्या फुलीत शिरते, तिला पाव फेरा फिरवते आणि बाहेर पडते. फुलीच्या दांड्यावरचे १६ दातांचे चाक त्या पाव फेऱ्यात बरोबर चार दात, म्हणजे एक चौकट, पुढे सरकते. एका चौकटीला सेकंदाचा चोविसावा भाग मिळतो. त्यातला सुमारे पाव भाग सरकण्यात जातो, उरलेला वेळ फिल्म उभी असते. सरकताना पडद्यावर काही दिसू नये म्हणून फिरती पात उजेड झाकते, आणि उभ्या चौकटीवरही ती आणखी एकदा झाकते, ज्यामुळे सेकंदाला ४८ वेळा उजेड पडून डोळ्यांना लुकलुक कमी जाणवते. हे सगळे तेलात बुडलेल्या डबीत चालते. डबीतले तेल उतरले किंवा खीळ झिजली की चित्र खालीवर थरथरू लागे. अनुभवी ऑपरेटर ते पडद्यावर दिसण्याआधी कानाने ओळखत, कारण नीट चाललेले यंत्र शिवणयंत्रासारखे एकसुरी वाजते आणि झिजलेल्यात मधेच कोरडी टकटक येते.

गेटच्या वर आणि खाली फिल्मचे दोन सैल वळसे, म्हणजे लूप, सोडावे लागतात, कारण वरचे चाक फिल्म सतत देते आणि गेटमध्ये ती थांबत थांबत जाते. खालचा लूप तुटका दाता किंवा वाईट जोड आल्यावर उडून जाई. मग चित्र फाटल्यासारखे दिसे आणि ओठ व आवाज यांचा मेळ सुटे. आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापलेली असते, कारण साउंड हेड गेटच्या खाली आहे. त्यामुळे लूपची लांबी चुकली की संवाद आधी आणि तोंड नंतर, किंवा उलट. खालून ‘आवाज!’ अशी जी ओरड होई, तिच्यातल्या निम्म्या वेळा दोष अॅम्प्लिफायरचा नसून लूपचा असे.

चेंजओव्हर हे केबिनमधले सर्वांत कसबाचे काम. मोजदाद अशी: १,००० फुटांचे रीळ ११ मिनिटे चालते. १६ रिळांचा, साधारण तीन तासांचा चित्रपट दोन-दोन रिळे जोडून आठ स्पुलांवर चढवला, की मध्यंतर सोडून सहा वेळा एका प्रोजेक्टरवरून दुसऱ्यावर जावे लागे. पहिल्या यंत्रावरचा स्पूल संपत आला की घंटी वाजे. दुसऱ्या यंत्रावर फिल्म आधीच ओवलेली, लीडरवरचा (रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवरचा) ठरावीक आकडा गेटमध्ये ठेवलेला, आर्क पेटवून स्थिर केलेला, झडप बंद. ऑपरेटर भोकातून पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहत उभा राहतो. स्पूल संपायला सुमारे आठ सेकंद असताना तिथे एक ठिपका चमकतो, अवघ्या चार चौकटींचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. त्यावर दुसऱ्या यंत्राची मोटर चालू. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका आणि त्याच क्षणी एका खटक्यासरशी पहिल्याची झडप बंद, दुसऱ्याची उघडी, आवाजही इकडून तिकडे. नीट जमले तर हजार माणसांपैकी एकालाही पत्ता लागत नसे. फिल्म्स डिव्हिजनची बातमीपत्रे आणि माहितीपट चित्रपटाआधी दाखवणे सक्तीचे होते. प्रेक्षक त्या वेळी खुर्च्या शोधत असत, पण आम्हाला आर्क बसवायला आणि फोकस पारखायला तो वेळ अगदी मोलाचा वाटे.

या ठिपक्यांनीच प्रिंटचे हालही केले. छापलेले ठिपके पुरेसे ठळक नाहीत असे वाटणारा प्रत्येक ऑपरेटर स्वतःची खूण खरवडून ठेवी, त्यामुळे चार-पाच थिएटरे फिरून आलेल्या प्रिंटमध्ये स्पुलाच्या शेवटी कोपऱ्यात फुल्या, रेघा, गोल यांची जत्राच दिसे. मला ही सवय कधी पटली नाही, कारण तुटलेल्या जागी कापून जोडल्यावर चौकटी कमी होत जातात आणि नव्या ऑपरेटरला खरी खूण कोणती हेच कळत नाही.

‘मळकट का दिसे’ याचे मोठे उत्तर इथेच आहे. प्रयोगशाळेतून आलेली ताजी प्रिंट पहिल्या आठवड्यात मोठ्या थिएटरात लागे. ताजेपणी तिचा मसाला, म्हणजे चित्र धरणारा रसायनाचा थर, थोडा ओलसर असतो आणि गेटच्या पट्ट्यांवर साचून कडक होतो. तो प्रत्येक स्पुलानंतर पितळेच्या पट्टीने खरवडून काढला नाही तर तोच पुढच्या फिल्मवर उभी रेघ ओढतो. लोखंडी पाते वापरले तर गेटवरच ओरखडा पडतो आणि मग पुढची प्रत्येक प्रिंट बिघडते. रिवाइंड करताना फिल्म जमिनीला लागली, धूळ खाल्ली, की पडद्यावर रेघांचा ‘पाऊस’ पडू लागतो. काही आठवड्यांनी हीच प्रिंट उपनगरातल्या थिएटरात जाई. तिथे कित्येकदा एकच प्रिंट दोन थिएटरांत चाले. खेळांच्या वेळा पुढेमागे ठेवून एक मुलगा सायकलवर रिळांच्या पेट्या नेत-आणत असे. पूर्ण प्रिंटचे वजन ४० किलोच्या आसपास, म्हणून ती हप्त्याहप्त्याने जाई, आणि पेटीला उशीर झाला की पडद्यावर काचेच्या जाहिरात-स्लाइडी दाखवून वेळ काढावा लागे. थोडक्यात, तुम्ही लख्ख आणि मळकट म्हणून ज्यांची तुलना करता ती दोन थिएटरे खरे तर एकाच प्रिंटचे तारुण्य आणि म्हातारपण दाखवत असण्याचा संभव बराच आहे.

७० मिलिमीटरचा प्रकार वेगळाच. चौकट सिनेमास्कोपच्या जवळपास पावणेतीनपट क्षेत्रफळाची, फिल्मच्या कडेला आवाजाचे सहा चुंबकीय ट्रॅक, वेग मिनिटाला ११२.५ फूट. ३५ आणि ७० दोन्ही चालवू शकणारे फिलिप्सचे डीपी-७० हे यंत्र १९५५ च्या सुमारास आले आणि अशा यंत्रांचा तो जगभर मानदंड ठरला. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात १९७५ साली ‘शोले’ ७० मिलिमीटरवर लागला आणि पाच वर्षे चालला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तो चित्रित झाला होता ३५ मिलिमीटरवरच आणि छपाईत मोठा केला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तरीही फरक जाणवे, कारण मोठ्या चौकटीतून जास्त उजेड जातो, कमी पटीत मोठी करावी लागते, आणि चुंबकीय आवाजात ऑप्टिकल, म्हणजे उजेडाने वाचल्या जाणाऱ्या, पट्टीची खरखर नसते. त्या काळात लोक ‘शोले’तल्या उडवलेल्या नाण्याचा आवाज ऐकायला तिकीट काढत, असे म्हटले तरी चालेल.

झेनॉनचा दिवा परदेशात पन्नाशीच्या दशकातच आला होता. आपल्याकडे तो हळूहळू पसरला आणि त्याने कार्बनचे सगळे कौशल्य एका बटणावर आणले. क्वार्ट्झच्या फुग्यात झेनॉन वायू इतक्या दाबाने भरलेला असतो की थंड असतानाही तो फुटू शकतो. बदलताना तोंडावर जाळी आणि हातात मोजे हवेत, आणि काचेला बोट लागता कामा नये. त्याचा फायदा हा की मोठे स्पूल लावून मध्यंतरापर्यंत एकाच यंत्रावर जाता येऊ लागले. तोटा हा की दिवा बदलायचा कधी, हे ऑपरेटरच्या हातून मालकाच्या हातात गेले. आयुष्य संपलेला दिवा प्रवाह कमी करून आणखी कित्येक महिने ओढण्याची रीत पडली. कार्बन रोज नवा जळत असल्याने त्याला म्हातारपण नव्हते, झेनॉनला आहे. पडद्यावर १६ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचे एकक) उजेड असावा असे मानक आहे, आणि नव्वदच्या दशकात बऱ्याच थिएटरांत त्याच्या निम्माही नसावा असे माझ्या डोळ्यांचे मत होते.

डिजिटलने आमचे काम संपवले, पण डिजिटल चित्र वाईट असते असे मी म्हणणार नाही. ते शंभराव्या खेळालाही पहिल्यासारखेच दिसते, आणि तालुक्याच्या गावाला मुंबईच्याच दिवशी तेच चित्र मिळते. उत्तम आर्कवरची ताजी प्रिंट त्याहून सरस होती, परंतु तशी प्रिंट पाहायला मिळणारे प्रेक्षक थोडेच होते. २०१३-१४ पर्यंत नव्या चित्रपटांच्या फिल्म प्रिंट जवळजवळ थांबल्या. यंत्रे बहुतेक ठिकाणी भंगारात वजनावर गेली, कारण ओतीव लोखंड, पितळ आणि तांबे यांना भाव होता आणि जागेला त्याहून जास्त. मॅजेस्टिक, कॉरोनेशन आणि मिनर्व्हा या वास्तूच राहिल्या नाहीत. मेट्रोचे मल्टिप्लेक्स झाले. ऑपेरा हाउस दीर्घकाळ बंद राहून २०१६ साली दुरुस्तीनंतर उघडले. जुनी यंत्रे पाहायची असतील तर पेडर रोडवरच्या, २०१९ साली उघडलेल्या राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयात जावे. काही चित्रपटगृहांच्या दालनांतही एखादा प्रोजेक्टर शोभेला ठेवलेला आढळतो. त्याच्या गेटमध्ये बहुधा फिल्म उलटी ओवलेली असते, तिकडे दुर्लक्ष करावे.

शेवटचा भाग घरातल्या जुन्या डब्यांविषयी आहे. ज्यांच्या नातेवाइकांची थिएटरे किंवा वितरणाचा धंदा होता, त्यांच्या माळ्यावर अजून रिळे सापडतात. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास आला तर ती ॲसिटेट फिल्म कुजू लागली आहे; तिला इतर रिळांपासून दूर, हवेशीर आणि थंड जागी ठेवावे, कारण हा वास शेजारच्या रिळांचेही कुजणे वाढवतो. फिल्म चिकट, तपकिरी झाली असेल, भुकटी पडत असेल किंवा डबा १९५० च्या आधीचा असेल, तर ती नायट्रेट असू शकते. अशी फिल्म घरात ठेवू नये, पेटवून पाहू नये आणि प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नये; २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मोठे नुकसान झाले होते. डबे उन्हातून व स्वयंपाकघराजवळून हलवावेत, बाहेरून लेबलांची छायाचित्रे घ्यावीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवावे. काचेच्या जाहिरात-स्लाइडी सापडल्या तर त्या कोरड्या ब्रशने झटकाव्यात, ओल्या कापडाने पुसू नयेत, कारण त्यांच्यावरचा रंग बऱ्याचदा हाताने दिलेला असतो आणि पाण्याने निघून येतो.